फर्स्ट शिफ्टचा आठवडा

चष्म्यातल्या दाराची कडी वाजली आणि पडद्यावर ‘हात आत’ अशी अक्षरं उमटली. निरंजनला आधी वाटलं, एखादी वायर सुटली असणार. आईच्या डोक्यावरची जाळीची टोपी जराशी कलली होती, विरळ केसांत भरलेलं जेल कानामागे ओघळलं होतं; एवढ्यातेवढ्यानं यंत्राला भलतंसलतं दिसायला लागतं हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. पण शेजारी बसलेल्या आम्रपालीनं वायरींना हातसुद्धा लावला नाही. मेंदूच्या लहरी मोजायचं काम तिचं, आणि त्यात तिची नजर पक्की. तिनं पडद्याकडे बघितलं, आईच्या बोटाला लावलेल्या नाडीच्या चिमट्याकडे बघितलं, आणि पुन्हा पडद्याकडे. लाल अक्षरं जागची हलली नाहीत. खुर्चीत आई ताठ बसली होती, डोळ्यांवर तो भलामोठा काळा चष्मा, आणि चेहऱ्याचा जेवढा भाग उघडा होता त्यावर काहीच नव्हतं. ना हसू, ना रडू. आत्ता आत्तापर्यंत हीच बाई खुदखुदत होती, “अगं बाई, हा तर माझा स्टो! कुठं गावला रं तुला?” म्हणत होती. आता तिचा उजवा हात डाव्या मनगटावर आला. डाव्या हाताची बोटं तिनं आवळून घेतली आणि मनगटावरचं काहीतरी अलगद ओढून काढलं. मग दुसऱ्या हातावरचं तसंच. आणि जे काढलं ते तिनं समोर हवेत, खांद्याच्या उंचीवर, आवाज होणार नाही अशा बेतानं ठेवून दिलं. मनगटं तर मोकळीच होती. वर्षभरापासून तिनं बांगड्या घातलेल्या नव्हत्या.

‘हात आत’ हे नाव कामगारांनी दिलेलं. कुरुळीतल्या एका गाळ्यात निरंजनची ही छोटीशी कंपनी होती, एका बाजूला पावडर कोटिंगवाला, दुसऱ्या बाजूला लाकडी पॅलेट ठोकणारे. आणि चाकणच्या कारखान्यांना ती, कामगार शिकवायला, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांची खोटी प्रेस शॉप करून देत असे. चष्मा चढवला की माणूस थेट प्रेससमोर उभा. तेच धाडधाड आवाज, तोच पत्रा, आणि वरून खाली येणारा तोच ठोकळा. डोक्यावर टोपी असायची, माणूस कुठं घाबरतो, कुठं गाफील राहतो, ते बघायला. शेकडो ऑपरेटरांच्या डोक्यातल्या लहरी साठवून त्यांनी यंत्राला तीन गोष्टी ओळखायला शिकवलं होतं. निवांत. लक्ष आहे. आणि तिसरी ती, जेव्हा प्रेस सुटलेली असते आणि आपला हात अजून खाली असतो. एका ऑपरेटरनं चष्मा काढून घाम पुसत म्हटलं होतं, “भाऊ, ते भ्या नसतंय. भ्या नंतर येतंय. त्या टायमाला फक्त हात आत असतोय.” ते शब्द सगळ्यांना इतके पटले की तेच नाव पडलं. बिचाऱ्या यंत्राला तीनच शब्द येतात, निरंजननं स्वतःला सांगितलं. नवरा गेलेल्या बाईला नवरा दारात दिसला तर काय होतं, हे त्याला कोण शिकवणार? विरहाला त्याच्याकडे शब्दच नाही, म्हणून हाताशी आला तो लावला.

“पोरगं कुठंय?” चष्म्याच्या आतल्या ज्योतीरामांनी, निरंजनच्या बाबांनी, विचारलं. टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून बाबांचा आवाज त्या गाळ्यात घुमला. “खेळायला गेलंय,” आई म्हणाली. हा आवाज त्यानं कधी ऐकलेला नव्हता. मऊ होता, आणि त्यात काहीच नव्हतं. बाबांनी मनगटावरचं घड्याळ काढून टीव्हीवर ठेवलं, वळले, हसले, आणि तिथं तो प्रसंग संपत होता. निरंजननं तिचा चष्मा उतरवला तेव्हा आईनं डोळे दोनदा मिचकावले, त्याच्याकडे बघितलं आणि ती छान हसली. “बरं वाटलं बघ,” ती म्हणाली. “लई खरं केलंयस रं बाळा.” मग पदरानं कानामागचं जेल पुसत तिनं विचारलं, हे धुतल्यावर जातंय का. ती हात-तोंड धुवायला गेली तशी आम्रपाली हलक्या आवाजात म्हणाली, “सर, आठवणीनं रडणारी माणसं मी इथं पुष्कळ बघितलीत. त्यांचं असं येत नाही.” “मग कसं येतं?” त्यानं जरा तिखटपणेच विचारलं. “त्यांचं अंग सैल पडतं,” ती म्हणाली. “ह्यांनी श्वास धरलाय. कडी वाजल्यापासून ते घड्याळ ठेवेपर्यंत.” आणि तिनं फाइल त्याच्या नावावर सेव्ह करून टोपी धुवायला घेतली.

येत्या रविवारी बाबांचं वर्षश्राद्ध होतं. निरंजनच्या डोक्यात महिनोन्महिने हीच कल्पना घोळत होती, की विधी झाला, पानं उठली, की आलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्मा चढवायचा आणि ज्योतीराम भेटवायचे. फोटोला हार घालून काय होतं? माणूस दारातून आत आला पाहिजे. कोणता प्रसंग घ्यायचा याचा त्याला विचारही करावा लागला नव्हता. आकुर्डीतल्या त्या दोन खोल्या, आणि फर्स्ट शिफ्टची दुपार. बाबांची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची आणि घराचा जीव तिच्याबरोबर बदलायचा. नाइटच्या आठवड्यात दिवसभर बाबा झोपलेले, मग भांडं वाजवायचं नाही, खोकलासुद्धा उशीत तोंड खुपसून. सेकंडच्या आठवड्यात बाबा दिसायचेच नाहीत. पण फर्स्ट शिफ्ट म्हणजे सणच. चारच्या सुमाराला बाबा यायचे, आणि त्याच्या आधीच आई त्याला हाताला धरून उंबऱ्याबाहेर काढायची, “जा, खेळ जा. दिवे लागल्याबिगर येऊ नको.” इतर पोरांच्या आया त्यांना अभ्यासाला बसवायच्या, कान धरून ओढत न्यायच्या. ह्याची आई ह्याला मैदानावर पिटाळायची. सगळी पोरं त्याच्यावर जळायची. आणि दिवे लागल्यावर घरी आलं की ताटलीत कँटीनची बालूशाही झाकून ठेवलेली असायची, बाबांनी स्वतः न खाता कागदात बांधून आणलेली. “आल्याबरोबर आधी तुलाच विचारलं,” आई सांगायची, “पोरगं कुठंय म्हणून.” ते वाक्य त्यानं आयुष्यभर जपलं होतं. चष्म्यातल्या बाबांना एकच वाक्य द्यायचं ठरलं तेव्हा त्यानं तेच दिलं.

आईला घेऊन तो गाडीनं घरी, पिंपळे सौदागरला, निघाला. मोशीच्या पुढं नेहमीसारखी कंटेनरची रांग लागली होती आणि आई खिडकीतून एकेक कंटेनर बघत होती, कुठल्या कुठल्या गाड्या ह्यात भरून जातात रं, असं काहीबाही विचारत होती. तो हं हं म्हणत होता. त्याच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली होती आणि ती जायला तयार नव्हती. चार वाजता तो घरात नसायचा. ते घर त्यानं किती मन लावून उभं केलं होतं! स्टोची वात, भिंतीवरचं कॅलेंडर, मोरीवरची लाकडी फळी, फळीवर साबणाची वडी, आणि साबणाशेजारी आईच्या हिरव्या काचेच्या बांगड्या. बांगड्यांवर तर त्याचा कितीतरी वेळ गेला होता, त्यांच्यावर पडणारा उजेड नीट दिसावा म्हणून. कारण त्या तिथं असायच्याच. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात तो दिवेलागणीला घरी आला की बांगड्या फळीवर असायच्या आणि आई त्याच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसलेली असायची. कणीक मळताना काढत असेल, असं त्याला वाटायचं. पण कणीक ती सकाळी मळायची. स्टोपाशी, बांगड्या वाजवत. त्या वाजण्यानंच तर त्याला जाग यायची. त्यानं सकाळ पाहिली होती, संध्याकाळ पाहिली होती. मधली दुपार, सगळ्यात सुखाची म्हणून त्यानं निवडलेली, ती त्यानं कधी पाहिलेलीच नव्हती. पुढचा कंटेनर हलला आणि मागच्यानं हॉर्न वाजवला. “चल की रं,” आई म्हणाली, “लोकं खोळंबलीत.”

मग आठवणी यायला लागल्या, आणि त्या नव्या नव्हत्या हेच वाईट होतं. सगळ्या जुन्याच, हाताळून गुळगुळीत झालेल्या, फक्त आता उलट्या बाजूनं दिसत होत्या. एकदा चेंडू गटारात गेला म्हणून तो दुसरा न्यायला मध्येच घरी आला होता. दाराला आतून कडी. त्यानं हाक मारायला तोंड उघडलं तोच शेजारच्या तानुबाईंनी त्याला आत ओढलं, चपातीवर साखर घालून दिली आणि रेडिओ इतका मोठा केला की भांडी थरथरली. काय मजा आली होती! ही गोष्ट तो मिनलला, बायकोला, कितीदा सांगून हसला होता. तानुबाईंचा रेडिओ, तानुबाईंची साखर. मिनल कधी फारशी हसली नव्हती. आणि तेव्हा, हातात चपाती धरून रेडिओच्या शेजारी उभा असताना, त्याला काही कळलं होतं का? दुसऱ्या दिवसापासून तो दिवे लागल्यानंतरही थोडा वेळ कट्ट्यावर रेंगाळायला लागला होता, हे तर खरं. कशासाठी रेंगाळायचा? कळलं होतं की नव्हतं, हे त्याला आता काही केल्या ठरवता येईना. त्याला स्वतःची किळस आली आणि लगेच बाबांची आठवण आली, आणि ह्या दोन गोष्टी एकाच छातीत कशा मावाव्यात हे त्याला समजेना. बाबांनी त्याला कधी बोटही लावलं नव्हतं. त्याच्या कॉलेजच्या फीसाठी ओव्हरटाइम केला होता. शेवटच्या आजारात आई त्यांना चमच्यानं पेज भरवायची तेव्हा ते लहान मुलासारखे तोंड उघडायचे आणि तीही त्यांचं तोंड पुसायची, न कंटाळता. ते तरी काय होतं?

घरी आल्यावर त्यानं सवयीनं घड्याळ काढून टीव्हीशेजारी ठेवलं. मिनल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं घड्याळाकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे. “काय झालं?” “काही नाही.” “सावकाश काढलंस,” ती म्हणाली. “तू घड्याळ सावकाश काढलंस की मी समजते, आज जपून.” हे ती पूर्वीही म्हणाली होती, चेष्टेत, आजही चेष्टेतच म्हणाली. त्याला आठवलं, बाबांची चाल चष्म्यात आणायला त्यानं हातापायांना सेन्सरचे पट्टे बांधून स्वतःच चालून दाखवलं होतं. दार ढकलणं, चप्पल काढणं, घड्याळ उतरवणं, वळणं. एका दमात जमलं होतं. त्याला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं, आणि मिनलनं ते बघून म्हटलं होतं, “ही तर तुझीच चाल आहे. वेगळं काय केलंस?” म्हणजे आज आईनं श्वास धरला तो कुणाला बघून? चेहरा बाबांचा होता, आवाज बाबांचा होता. दारातून आत आलं होतं ते अंग त्याचं होतं.

दुसऱ्या दिवशी आई गॅलरीत मेथी निवडत बसली होती तेव्हा तो तिच्याजवळ जाऊन बसला. चार शब्दांचं वाक्य तो रात्रभर तयार करत होता. बाबा तुला मारायचे का. त्यात अवघड काय आहे? पण ते जिभेवर आलं आणि मेथीच्या काड्यांकडे बघताबघता तिथंच विरघळलं. “आई,” तो म्हणाला, “रविवारचं ते चष्म्याचं रद्द करू या का?”

“कशापायी?”

“तुला त्रास झाला काल.”

“मला कशाचा त्रास.” तिनं एक पिवळं पान काढून बाजूला टाकलं. “तुझ्या त्या मशिनीनं सांगितलं व्हय?”

त्यानं जुडीतली एक काडी उचलली.

“यडी हाय ती मशीन,” आई म्हणाली. तिनं पुढची जुडी सोडली. मग खाली बघतच म्हणाली, “तुला कधी बोट लावलं का त्यांनी? न्हाई ना? तुझ्यासाठी चांगले होते. तेवढं राहू दे की.” तिनं काड्या गोळा केल्या, पदर झटकला. “दाखव तू. लोकं एवढ्या लांबून अंबाजोगाईहून येणार, त्यांना बरं वाटंल. मी तेवढा वेळ तुझ्या पिंकीला घेऊन खाली बागेत बसते.”

आता विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं, आणि तरी त्याला विचारायचं होतं. पण विचारलं तर काय होईल हेही त्याला लख्ख दिसलं. एक चांगला बाप तिनं त्याच्यासाठी वर्षानुवर्षं घडवला होता. त्याला वेळेवर घराबाहेर काढून, बांगड्या उतरवून ठेवून, पाठ करून बसून, आणि बालूशाही झाकून ठेवून. निरंजननं चष्म्यात घातलेले ज्योतीराम त्याचे नव्हतेच, ते तिनंच केलेले होते, सगळं आयुष्य खर्चून. तिच्या तोंडावर ते मोडायचे? आणि नाही मोडायचे, तर तिला पुन्हा एकदा घराबाहेर बसवायचं? दोन्हीतलं काहीही केलं तरी ते तिच्याच अंगावर येणार होतं. तो शनिवारपर्यंत हाच विचार करत राहिला, आणि असा विचार करणारी माणसं शेवटी काहीच करत नाहीत, तसं त्यानंही काही केलं नाही.

रविवारी घर भरलं. पानं उठली आणि माणसं उत्साहानं रांगेत बसली. बाबांच्या बरोबर पंचवीस वर्षं प्रेसवर काढलेले बबनराव पहिले. कडी वाजल्याबरोबर ते खुर्चीतून अर्धे उठले, “अरे ज्योतीराम! आलास व्हय राव!” म्हणत त्यांनी हात पुढं केला आणि हुंदके देऊन रडले. काका रडले, आत्या रडल्या. “देवमाणूस हो,” म्हणाले सगळे. नातीचं बोट धरून आई केव्हाच खाली गेली होती. जाताना तिनं पिंकीच्या हातात चेंडू दिला होता. कोपऱ्यात भिंतीला टेकून तानुबाई बसल्या होत्या, आता पार वाकलेल्या. निरंजन चष्मा घेऊन त्यांच्याजवळ गेला तेव्हा त्यांनी तो हातानं दूर सारला. “नगं बाबा, मला न्हाई बघायचं,” त्या म्हणाल्या. “भिंतीआडनं लई ऐकलंय मी तुझ्या बापाला.” एवढं म्हणून त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला, आणि तो हात इतका मायेचा होता की त्याला तो सहन झाला नाही.

दुपारी माणसं पांगली. कुणी गॅलरीत, कुणी आतल्या खोलीत आडवी. मिनल भांडी आवरत होती. निरंजन त्याच खुर्चीत बसला आणि त्यानं चष्मा चढवला. हा प्रसंग त्यानं शंभर वेळा बघितला होता, पण बाहेरून, पडद्यावर, चुका शोधत. आईच्या जागी बसून कधी बघितला नव्हता. स्टो, कॅलेंडर, फळी. उजेड बरोबर चारचा होता, बांगड्यांवर तो सुंदर पडला होता. घर अगदी शांत होतं. मग कडी वाजली. दार ढकललं गेलं, त्याच्याच ढकलण्यानं, चपला निघाल्या. बाबा आत आले, त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, “पोरगं कुठंय?”

समोरच्यानं उत्तर दिल्याशिवाय पुढं सरकायचं नाही, असं त्यानंच लिहून ठेवलं होतं. माणसाला खरोखर भेटल्यासारखं वाटावं म्हणून. त्यानं उत्तर दिलं नाही. बाबा उभे राहिले. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं. यंत्रासारखं वाटू नये म्हणून त्यानं दुसऱ्या वेळचा आवाज किंचित चढा ठेवला होता, आणि तिसऱ्या वेळचा आणखी थोडा. “पोरगं कुठंय?” खालून, बागेतून, पिंकीच्या ओरडण्याचा आवाज येत होता, आणि आईचा, लांब टाक, अजून लांब टाक. चष्म्यातले बाबा उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटापाशी आणून थांबले होते. निरंजनचाही हात मनगटावर गेला होता. तिथलं काहीतरी काढून ठेवायचं होतं, आवाज न करता, लवकर. घड्याळ की बांगड्या, ते त्याला कळेना. तिसऱ्यांदा विचारून झालं होतं. त्यानं श्वास धरला.

“खेळायला गेलंय,” तो म्हणाला.